बर्फात रुतलेली गाडी एकट्याने कशी काढावी?

उंबरठा
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात पुण्याहून अमेरिकेतल्या बफेलोला बदली झाली. तेव्हापासून जो भेटेल तो हिवाळ्याची भीती घालत होता, आणि परवा रात्री ईरी सरोवरावरून आलेल्या बर्फाने हिसका दाखवलाच. सकाळी गाडीवरचा बर्फ झाडला, काचा खरवडल्या, ऐटीत रिव्हर्स टाकला. गाडी हातभर मागे आली आणि बसली. पुढची चाकं जागच्या जागी गरगरतायत, रबराचा वास येतोय, गाडी ढिम्म. शेजारच्या बिल्डिंगमधले दोघे कुत्रा फिरवायला निघाले होते. त्यांनी बॉनेटला खांदा लावला तेव्हा सुटलो.

पण दर वेळी कोणी कुत्रा घेऊन येणार नाही. एकटाच असलो तर नेमकं काय करायचं? व्हिडिओ बघावेत तर एक म्हणतो ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, दुसरा म्हणतो त्याला हात लावू नका. कोणी चाकाखाली मॅट घाला म्हणतं, कोणी मांजराची वाळू. गाडी साधी सेदान, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर ऑल सीझन. ज्यांनी स्वतः फावडं मारलंय त्यांनी सांगा.

दगडफूल
पुण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि बफेलोत मिळालेली जागा सुटत नाही. नशीब एकेकाचं.

जुना_रोचेस्टरकर
रबराचा वास आला म्हणजे बराच वेळ पाय दाबून धरला होता. तिथेच निम्मं काम बिघडतं. चाक जागेवर फिरलं की घर्षणाने खालचा बर्फ वितळतो, त्या थंडीत लगेच पुन्हा थिजतो, आणि टायरच्या मापाची गुळगुळीत खोबण तयार होते. मग आधी सुटली असती ती गाडीही सुटत नाही. चाक फिरलं आणि गाडी हलली नाही की पाय काढायचा. दुसऱ्यांदा दाबून बघायचं नाही.

मी काय करतो ते सांगतो. इंजिन सुरू करायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करतो. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. मग गुडघ्यावर बसून गाडीखाली बघतो. बहुतेक लोक चाकांभोवतीच उकरत बसतात, पण खरी गोम पोटाखाली असते. गाडीचं पोट दाबलेल्या बर्फावर टेकलं असेल तर चाकांवर वजनच येत नाही, मग पकड कुठून येणार? लांब दांड्याचं फावडं आडवं घालून तो बर्फ ओढून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पाठ मोडते, पण त्याला पर्याय नाही.

त्यानंतर चारही चाकांच्या पुढे-मागे, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला जास्त लांब. स्टिअरिंग सरळ. वळलेली चाकं पुढचा बर्फ बाजूने ढकलत बसतात. मग ब्रेकवरचा पाय नुसता उचलायचा. ऑटोमॅटिक गाडी आपोआप सरकू बघते, तेवढ्याने निघाली तर उत्तम.

नाही निघाली तर झुलवायची. थोडी पुढे, ती मागे येऊ लागली की रिव्हर्स, परत पुढे. प्रत्येक झोक्याला दोनचार इंच जास्त मिळतात.

पाना_पकड
@जुना_रोचेस्टरकर, बाकी सगळं मान्य, झुलवण्यावर माझी हरकत आहे. गाडी सरकत असताना डीमधून आरमध्ये टाकणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर गिअरबॉक्सचं बिल बघून रडणारेही तेच. ऑटोमॅटिकमध्ये गाडी पूर्ण थांबली पाहिजे, पाय ब्रेकवर, मगच गिअर बदलायचा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर त्याहून जपून, कारण त्यातल्या पट्ट्याला असे हिसके सोसत नाहीत. चारपाच झोक्यांत निघाली नाही तर इंजिन बंद करा, फावडं उचला. तेवढ्यात गिअरबॉक्सचं तेलही निवतं.

मॅन्युअल असेल तर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत. चाकाला जोर कमी मिळतो म्हणून ते घसरत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल: दोन्ही व्हिडिओवाले बरोबर आहेत, वेळ वेगवेगळी आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग) जे चाक घसरतं तेच फिरत राहतं, पकड असलेलं चाक नुसतं बघत बसतं. ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे पाठवतो. हे कामाचं. पण चाक जरा घसरलं की तो इंजिनचा दमही तोडतो, आणि झुलवताना नेमका तेव्हाच दम लागतो. म्हणून आधी चालू ठेवून हळू बघा, नाही जमलं तर बंद करून झुलवा, रस्त्याला लागलात की आठवणीने परत चालू करा.

संत्रा_बर्फी
अबे भाऊ, आमच्या नागपुरात एवढी थंडी असती तर आम्ही घरातून निघालोच नसतो. ऑफिसला फोन करून सांगायचं, गाडी निघत नाही, मी पण निघत नाही.

बकुळीची_फुलं
मॉन्ट्रियलहून. फावडं, मॅट, वाळू सगळं नंतरचं. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत लपलाय: ऑल सीझन टायर. आमच्याकडे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. क्युबेकमधली गाडी त्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.

पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की साधं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल तरच तो खरा. नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असलं तर त्यावर विसंबू नका. आणि चारही बदला. पुढचे दोनच बदलले तर वळणावर मागचा भाग तुम्हाला ओलांडून पुढे जाऊ बघेल.

दगडफूल
चार टायर, वर चार रिम, वर उन्हाळ्यात ते ठेवायचे कुठे? त्यापेक्षा ऑल व्हील ड्राइव्ह घ्या ना सरळ.

बकुळीची_फुलं
ऑल व्हील ड्राइव्हने गाडी निघते, थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांचे असतात. इथे चारीत पडलेल्या गाड्या मोजल्या तर निम्म्या उंच, रुबाबदार एसयूव्हीच निघतील. चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला काही होत नाही. टायर बाल्कनीत ठेवा, वर चादर टाका.

केंब्रिजची_कुमुद
चादरीवरून आठवलं. आमच्या यजमानांनी एकदा चाकाखाली सोलापुरी चादर घातली होती, माझ्या आईने दिलेली. गाडी निघाली. चादर पण निघाली, चाकाबरोबर, आणि आत कुठे तरी गुंडाळून बसली. मेकॅनिकने कात्रीने तुकडे करून काढली. त्याने विचारलं हे काय आहे, एवढं मजबूत? मला अभिमान वाटावा की राग यावा कळेना.

पाना_पकड
कापड कधीच नको! दोरी, चादर, जुनी साडी, गोणपाट, सगळं अ‍ॅक्सलला गुंडाळतं, ब्रेकची नळी ओढून तोडू शकतं. गाडीच्या मॅट चालतात, पण मॅट उंदरासारखी सुसाट बाहेर येते. मागे कोणी उभं असेल तर पाय फोडेल. ढकलणारे लोक चाकाच्या रेषेत कधी उभे करू नका.

मॅटची खरी अडचण वेगळी आहे. ती चाकाखाली सरकवायची म्हणजे आधी तिथलं उकरावं लागतं, आणि नीट उकरलं तर बऱ्याचदा मॅट लागतच नाही.

जुना_रोचेस्टरकर
मांजराची वाळू राहिली की. घेताना पाकीट वाचा. ओली झाल्यावर गोळा होणारी नको. तिचा पाण्याशी चिखल होतो आणि चाकं आणखी घसरतात. साधी, स्वस्तातली, भरड दाण्यांची घ्या. त्यापेक्षाही बांधकामाची कोरडी वाळू बरी. माझ्याकडे डिकीत एक पोतं असतं. कोरडी मात्र असली पाहिजे, ओली थिजून दगड होते.

मिठाचं म्हणाल तर खडेमीठ शून्याच्या आसपास छान चालतं, उणे १० सेल्सिअसच्या पुढे जवळपास निरुपयोगी. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड मिळतं, ते पुष्कळ खालपर्यंत काम करतं. पण मीठ वितळवायला वेळ घेतं. रुतलेल्या गाडीला वाळूच, ती तत्क्षणी.

बांगडा_फ्राय
आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात. पण रुतलेली गाडी म्हणाल तर दर मे महिन्यात एक तरी बघतो. पुण्या-मुंबईचे पाव्हणे भरती-ओहोटीचं न बघता गाडी थेट पुळणीवर घालतात, फोटो काढतात, आणि पाणी चढू लागलं की बोंब. गाडी रुतली काय पयलो गाव जमता, मगे गाडी निघता. नारळाच्या झावळ्या चाकाखाली आणि टायरची हवा कमी, हा आमचा उपाय. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूत कमी बुडतो. बर्फात नाही का चालत हे?

जुना_रोचेस्टरकर
प्रश्न चांगला आहे. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर फिरणाऱ्या मोठ्या टायरच्या जीप हेच करतात, हवा चारपाच पीएसआयपर्यंत (टायरमधल्या दाबाचं माप) उतरवतात. पण त्यांच्याखाली खोलवर नुसता बर्फच असतो, त्यावर तरंगत जायचं असतं. उंबरठा यांच्या पार्किंगमध्ये फूटभर बर्फाखाली डांबर आहे. तिथे टायरने बर्फ कापून डांबराला टेकणं जास्त उपयोगाचं. त्यामुळेच बर्फासाठी थोडे अरुंद टायर बरे म्हणतात. आणि हवा सोडली तर भरायची कुठे? थंडीने मुळातच दर १० अंश फॅरनहाइटला एखादा पीएसआय कमी होतो.

गुहागरला बैल लावून ओढलेली गाडी मी पाहिली आहे. इथे बैल नाहीत, पिकअपवाले आहेत. वृत्ती तीच. कोणी ना कोणी थांबतंच.

पंचवटी_एक्सप्रेस
मनालीचं कोणीच बोललं नाही? आपल्यातले बहुतेक जण बर्फात पहिल्यांदा तिथेच अडकतात. २०२४च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात जवळपास हजार गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्री उशिरापर्यंत माणसं खाली आणली. आम्ही त्याच आठवड्यात तिथे होतो. ९ किलोमीटरच्या त्या बोगद्यामुळे पलीकडच्या लाहौल खोऱ्यात आता बारमाही जाता येतं, त्यामुळे जो उठतो तो साध्या हॅचबॅकमध्ये बर्फ बघायला निघतो.

तिथे खोल बर्फाने गाड्या अडकल्या असं नाही. गाड्यांनी दाबून दाबून रस्त्यावरचा बर्फ चकचकीत झाला, संध्याकाळी तो थिजला, आणि उतारावर लोक घाबरून ब्रेक दाबू लागले. ब्रेक दाबला की चाकं कुलूपबंद, गाडी आडवी, मागची तिच्यावर. आमचा स्थानिक ड्रायव्हर खाली उतरला, कडेच्या डोंगरातून हाताने माती-खडे खरवडून चाकांपुढे टाकू लागला. पहिल्या गिअरमध्ये, पाय ब्रेकपासून लांब, डोंगराच्या बाजूला चिकटून तो पायरी-पायरीने खाली आला. आम्हाला मात्र चालत यायला लावलं. गाडीत वजन असलं तर पकड चांगली ना, असं मी विचारलं. म्हणाला, साहेब, गाडी गेली तर गाडीच जाऊ दे.

चेनचा, म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्यांचा, विषय कोणी काढणार असेल तर घरी एकदा चढवून बघा. बोटं बधिर झाल्यावर त्या कड्या लागत नाहीत. आणि चेन चालकशक्ती असलेल्या चाकांना, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढच्या.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी, थोड्या गंभीर.

सायलेन्सरचं जुना_रोचेस्टरकर यांनी सांगितलंच. त्यावर जोर द्यायला हवा. बर्फाने तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साठतो आणि आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थकवा आला. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त पर्यटक दगावले, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं होती. हीटर लावून काचा बंद करून बसले होते, वरून बर्फ पडत होता. अडकलात तर इंजिन थोडा वेळच चालवा, वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि दर वेळी सुरू करण्याआधी उतरून मागचं तोंड मोकळं करा.

दुसरं म्हणजे फावडं. सकाळी उपाशीपोटी, थंडीत, श्वास रोखून ओला बर्फ उचलणं हा हृदयावर एकदम येणारा ताण आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतातच. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, रक्तदाब-मधुमेह असलेले, ज्यांनी वर्षभर काही उचललं नाही, त्यांनी फावडं अर्धंच भरावं, उचलण्यापेक्षा ढकलावं. छातीत दडपण आलं तर गाडी गेली खड्ड्यात, आधी फोन.

केंब्रिजची_कुमुद
बफेलोचं म्हणाल तर डिसेंबर २०२२चं वादळ विसरू नका. विमानतळावर ५० इंचांहून जास्त बर्फ, त्यात वारा असा की स्वतःचं बॉनेट दिसत नव्हतं. चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीतच सापडली. अग्निशमनच्या गाड्या स्वतः अडकल्या होत्या. गाडी चालवायला बंदी होती तरी लोक निघाले होते. उंबरठा, ट्रॅव्हल बॅन लागला की घरीच राहा.

उंबरठा
वाचतोय सगळं. डॉक्टरसाहेब, सायलेन्सरचं मला अजिबात माहीत नव्हतं. सायलेन्सर गाडीच्या मागे असतो एवढंच माहीत होतं.

एक राहिलं. आमच्या कॉम्प्लेक्सचा बर्फवाला ट्रक रस्ता साफ करताना सगळा ढीग माझ्या गाडीपुढेच लावून जातो. तो काढायचा कसा? दगडासारखा आहे.

तळ्यातमळ्यात
मिनेसोटातून. तो ट्रक गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत काढायचा. त्यात मीठ, पाणी, रस्त्यावरचा चिखल सगळं मिसळलेलं असतं, ते रात्रीत सिमेंट होतं. प्लास्टिकचं फावडं तिथे वाकतं. टोकाला धातूची पट्टी असलेलं, किंवा सरळ बागकामाचं लोखंडी. वरून खाली नाही, बाजूने कापत जायचं, विटेएवढे तुकडे निघतात.

आमची गाडी इलेक्ट्रिक, त्यामुळे धुराची चिंता नाही. हीटरपेक्षा गरम सीट लावून बसलं तर बॅटरी बराच वेळ पुरते. पण घसरड्यावर पाय उचलताच जोरात ब्रेक लागल्यासारखं होतं, ते रीजन (पाय उचलल्यावर बॅटरी भरणारं ब्रेकिंग) कमी करून ठेवा.

केंब्रिजची_कुमुद
ढीग काढल्यावर पुढचा प्रश्न: ती जागा तुमचीच राहणार का? बॉस्टनमध्ये आम्ही उकरलेल्या जागेत खुर्ची ठेवतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच बर्फ पडला, शहराचा विक्रम. तेव्हा रस्त्यांवर खुर्च्या, इस्त्रीची टेबलं, ट्रॅफिकचे शंकू, एका ठिकाणी तर आख्खा टीव्ही. बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास ही जागा धरता येते, नंतर महापालिका खुर्ची उचलून नेते. साउथ एंडवाल्यांनी मात्र आपल्या भागात ही प्रथाच नको म्हणून ठरवलं.

संत्रा_बर्फी
म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं! तिकडे खुर्ची टाकतात एवढाच फरक. कोणी उचलून टाकला तर भांडण होतं का बे तिकडे?

केंब्रिजची_कुमुद
भांडण नाही होत. सकाळी तुमच्या गाडीवर कोणीतरी पाइपने पाणी मारलेलं असतं आणि गाडी बर्फाची मूर्ती झालेली असते.

दगडफूल
आमच्या पेठेत चाकातली हवा सोडतात. तुमचं जास्त सुसंस्कृत आहे.

संपादक
मंडळी, पेठांचा विषय निघाला की धागा कुठे जातो ते माहीत आहे. गाडीकडे या.

पाना_पकड
येतो. उंबरठा, एक गोष्ट आजच करा, उन्हात. डिकीत स्टेपनीशेजारी हत्यारांच्या फोममध्ये एक जाड लोखंडी डोळा असतो, टोकाला आटे. बंपरवर पुढे उजवीकडे किंवा डावीकडे एक छोटं चौकोनी झाकण आहे. स्क्रूड्रायव्हर कापडात गुंडाळून ते उचकटा आणि डोळा आत फिरवून बघा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, मग बर्फात माणूस घाम गाळत चुकीच्या बाजूला फिरवत बसतो. शेवटपर्यंत घट्ट बसवायचा, मधे सोडायचा नाही. ओढताना सरळ रेषेत, हिसका न देता, आणि दोघांच्या मधे कोणी उभं राहायचं नाही. साखळी नको, पट्टा वापरा. बंपरला किंवा खालच्या सस्पेन्शनच्या दांड्याला दोरी बांधणारे महाभाग असतात, त्यांना नम्रपणे नको म्हणा.

उंबरठा
आत्ता बघून आलो. झाकण सापडलं, डोळा सापडला, आटे उलटेच निघाले! धन्यवाद. हिवाळी टायरची चौकशी केली, या महिन्यात सगळीकडे रांग आहे म्हणे.

आणि समजा रस्त्याच्या कडेच्या चारीत गेली, तर हे फावडं वगैरे चालतं का?

जुना_रोचेस्टरकर
चारीत गेली तर फावडं विसरा. गाडी कलंडलेली असते, खाली किती खोल आहे कळत नाही, आणि तुम्ही उकरताना मागून येणारा दुसरा त्याच जागी घसरून तुमच्या अंगावर येतो. धोक्याचे दिवे लावा, पट्टा बांधून आतच बसा, टो ट्रकला फोन करा. अँटेनाला किंवा आरशाला काही तरी लाल बांधा. वादळ चालू असेल तर गाडी सोडून चालत निघू नका.

तळ्यातमळ्यात
अजून एक. फावडं डिकीत ठेवू नका, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. डिकी थिजली की उघडत नाही आणि फावडं नेमकं आत राहतं.

पाना_पकड
+१. दारं थिजू नयेत म्हणून रबराला सिलिकॉन लावून ठेवा. आणि काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. दर हिवाळ्यात एक तरी ओतणारा भेटतोच.